गुहेतल्या जिवांची पहिली पाहणी: नकाशापासून संवर्धनापर्यंत

माझ्या पहिल्या पाहणीतून मी चौदा कुप्या भरून आणल्या होत्या. पिशवी उघडली तर एका कुपीचं बूच सैल झालेलं, अल्कोहोल गळालेलं आणि सगळ्या कुप्यांवर बाहेरून चिकटवलेल्या लेबलांची शाई धुऊन गेलेली. आतले जीव मात्र शाबूत. ज्या तज्ज्ञ बाईंना ते दाखवले, त्यांनी भिंगाखाली एकेक कुपी धरली, दोन कुप्यांपाशी बराच वेळ थांबल्या आणि विचारलं, "हे दोन पाण्याकाठचे की वरच्या कोरड्या दालनातले?" मला सांगता आलं नाही. गुहा सव्वा किलोमीटर लांब, आणि माझ्याकडे त्या गुहेत 'कुठेतरी' सापडलेले चौदा जीव.

तेव्हापासून सोबत कोणी नवीन येणार असेल, की मी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात भरवते. जीव सापडला की अर्धंच काम झालं. तो नकाशावर नेमका कुठे होता हे वहीत नसेल, तर कोणता झिरपा, कोणती मुळं, वटवाघळांचा कोणता थवा जपायचा हेच कळत नाही, आणि मग त्या जिवासाठी पुढे काही करता येत नाही.

आधी ठरवा: जमिनीखाली म्हणजे कुठे?

गुहा म्हटलं की माणूस आत शिरू शकेल अशी पोकळी डोळ्यांसमोर येते. पण मिलिमीटरभर लांबीच्या जिवाला माणसाच्या मापाशी काय देणंघेणं? त्याला बोटभर रुंदीची भेगही पुरते. १९८० साली फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिलं, की डोंगरउतारावर मातीच्या थराखाली दगडगोट्यांमध्ये ज्या फटी असतात, त्यांतही गुहेतल्यासारखे आंधळे, फिकट जीव राहतात. चुनखडीच्या गुहेच्या छतावरचा भेगाळलेला थर, नदीच्या तळाचा वाळू-गोट्यांचा थर, लाव्हाच्या नळ्या (लाव्हा वाहून गेल्यावर उरलेली भुयारं), भूजल साठवणारे खडक, सोडून दिलेल्या खाणी, ही सगळी घरं याच कुटुंबातली. पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजांच्या शोधासाठी पाडलेल्या छिद्रात ६० मीटर खोलीवर एक मिलिपीड (वाणीच्या गटातला अनेकपायी जीव) मिळाला. बोटाएवढा लांब, धाग्यासारखा बारीक, आणि त्याच्या एका मादीला १३०६ पाय. २०२१ मध्ये त्याला युमिलिपीस पर्सेफोनी असं नाव मिळालं. तिथे माणूस शिरेल अशी गुहा नव्हतीच.

म्हणून पहिली पायरी घरबसल्या: तुमच्या भागात यातली कोणती घरं आहेत ते भूशास्त्रीय नकाशावरून शोधा. चुनखडी आहे का, लाव्हा आहे का, गोट्यांचं नदीपात्र आहे का, वापरात नसलेल्या विहिरी आहेत का. गुहा नसली म्हणून हिरमुसायचं कारण नाही. नदीकाठच्या वाळूत खड्डा खणूनही हे काम सुरू करता येतं, ते पुढे सांगते.

आणखी चार शब्द लागतील. जन्मभर जमिनीखालीच राहणारा तो ट्रॉग्लोबाइट. त्यातला पाण्यात राहणारा असेल तर स्टायगोबाइट. आत-बाहेर दोन्हीकडे वंश चालवणारा तो ट्रॉग्लोफाइल. आणि वटवाघळासारखा आसऱ्याला येऊन खाण्यासाठी बाहेर जाणारा तो ट्रॉग्लोझीन. ही विभागणी एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या शिनर यांनी सुरू केली आणि रुमानियाच्या एमिल राकोवित्सा यांनी १९०७ साली ती नीट मांडली. गुहांच्या अभ्यासाला वाहिलेली जगातली पहिली संस्था १९२० मध्ये क्लुज इथे काढली तीही त्यांनीच. एक इशारा: डोळे नाहीत, रंग नाही, म्हणून लगेच 'ट्रॉग्लोबाइट' लिहून मोकळं होऊ नका. मातीत राहणारे कितीतरी स्प्रिंगटेलही (कीटकासारखे बारीक, उड्या मारणारे जीव) पांढरे आणि आंधळे असतात. वहीत तुम्ही जे पाहिलं तेवढंच लिहा; शिक्का तज्ज्ञाला मारू द्या.

आत पाऊल टाकण्याआधी

परवानगी. जमीन ज्याची त्याची, आणि नमुने घ्यायचे असतील तर वन्यजीव किंवा वनखात्यासारख्या यंत्रणेची वेगळी. दोन्ही लेखी. परवानगीविना गोळा केलेला नमुना पुढे कुठलंही संग्रहालय घेत नाही, आणि तसा तो घेऊही नये.

माणसं किमान चार: एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो, दोघं मदतीला बाहेर जातात. प्रत्येकाकडे हेल्मेट आणि तीन स्वतंत्र दिवे. मोबाइलचा टॉर्च या तिघांत धरायचा नाही. बाहेरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवा आणि ती उलटली तर त्याने काय करायचं हेही सांगा. पाणलोटात पाऊस असेल, तर गुहेवर आभाळ निरभ्र असलं तरी आत जायचं नाही. धाप लागली, डोकं जड झालं, तर कार्बन डायऑक्साइड साठला असेल असं समजून सगळ्यांनी बाहेर. वटवाघळांच्या कोरड्या विष्ठेची धूळ उडत असेल तिथे मास्क हवाच. त्यातल्या बुरशीने फुप्फुसाचा हिस्टोप्लाझ्मोसिस होतो. ज्या भागात मुलं वाढवणाऱ्या माद्या किंवा शीतनिद्रेतली वटवाघळं असतील, तिथे तो हंगाम सोडून द्या.

कपडे आणि बूट एका गुहेतून दुसऱ्या गुहेत न धुता न्यायचे नाहीत. उत्तर अमेरिकेत वटवाघळांचा 'व्हाइट नोज सिंड्रोम' २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा दिसला आणि नंतर त्याने लाखो वटवाघळं मारली. त्याची बुरशी चिखलाबरोबर फिरू शकते. सामान आधी घासून चिखल काढा, मग ५५ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम पाण्यात निदान वीस मिनिटं बुडवून ठेवा. तुमच्या भागात हा रोग नसला तरी सवय हीच ठेवा, कारण एका गुहेतले जिवाणू आणि बुरशा दुसरीत नेऊन सोडण्यात शहाणपण नाही.

नकाशा काढणं

इथे थोडा वेळ काढते, कारण प्राण्यांच्या ओढीने आलेली मंडळी नेमका हाच भाग उरकतात.

गुहेचा नकाशा म्हणजे बिंदूंची साखळी. एका बिंदूवरून पुढचा दिसला पाहिजे. या बिंदूंना स्टेशन म्हणतात. दोन स्टेशनांमध्ये तीन गोष्टी मोजायच्या: अंतर, दिशा आणि चढ-उतार. समजा, स्टेशन ४ पासून ५ पर्यंत अंतर ८.४० मीटर आणि उतार २० अंश. मग आडवं अंतर ८.४० गुणिले कोसाइन २०, म्हणजे ७.८९ मीटर, आणि तुम्ही २.८७ मीटर खाली उतरलात. नकाशावर ८.४० धरलंत तर दहा-बारा स्टेशनांत गुहा लांबून डोंगराच्या पलीकडे निघते. हे मी गमतीने लिहीत नाही, एका नकाशात असं झालेलं बघितलंय.

साधनं दोन प्रकारची. जुन्या पद्धतीत टेप, होकायंत्र आणि क्लायनोमीटर, म्हणजे उतारमापक. नव्यात लेझर अंतरमापकातच होकायंत्र आणि उतारमापक बसवलेलं असतं. स्वित्झर्लंडच्या बीट हेब यांनी बनवलेल्या डिस्टोएक्समुळे ही पद्धत जगभर पसरली. शिकायचं मात्र टेप-होकायंत्रावर. हाताने मोजलेलं असलं की यंत्राने चुकीचा आकडा दाखवला तर खटकतं. डिस्टोएक्सला आधी ५६ मापं घेऊन जुळवावं लागतं, आणि सेल बदलला तर पुन्हा. होकायंत्राजवळ लोखंड नको: हेल्मेटवरचा बॅटरीचा डबा, स्टीलचा कॅराबिनर, चष्म्याची धातूची फ्रेम, सगळं सुईला ओढतं. म्हणून प्रत्येक माप उलटूनही घ्यायचं. ४ वरून ५ कडे ७२ अंश आलं तर ५ वरून ४ कडे २५२ यायला हवं. दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर परत मोजा, आणि तिथेच उभं राहून मोजा. बाहेर आल्यावर 'बहुधा ७२च असेल' म्हणायची पाळी येऊ देऊ नका.

प्रत्येक स्टेशनवर डावी भिंत, उजवी भिंत, छत आणि जमीन किती लांब तेही लिहायचं. स्टेशनची खूण म्हणून रंगाचा फवारा मारू नका. खडकाचं ठळक टोक निवडा, किंवा नंबर लिहिलेला, नंतर काढून नेता येईल असा छोटा परावर्तक टॅग ठेवा आणि त्याचा फोटो घ्या. पुढच्या वर्षी तोच बिंदू दुसऱ्या माणसाला सापडला पाहिजे, ही खरी कसोटी.

एकजण मोजतो, एकजण पुढच्या स्टेशनवर उभा राहतो, आणि तिसरा स्केच काढतो. स्केच काढणारा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्याला घाई करायची नाही. आकडे नुसता सांगाडा देतात. झिरपा कुठे, चिखल कुठे, पडलेले दगड कुठे, हे स्केचमध्येच येतं. १:२०० हे प्रमाण, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जागेवरचे दोन मीटर, नवशिक्याला सोयीचं.

किती अचूक हवं? ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशनची प्रतवारी बहुतेक ठिकाणी वापरतात. त्यातल्या पाचव्या श्रेणीत दिशा आणि उतार एका अंशापर्यंत, अंतर सेंटिमीटरपर्यंत आणि स्टेशनची जागा दहा सेंटिमीटरच्या आत पक्की लागते. जिवांच्या पाहणीसाठी एवढं भरपूर झालं. वाट फिरून पहिल्याच स्टेशनवर येत असेल तर नशीब समजा, कारण चूक तिथे आपोआप उघडी पडते. २०० मीटरच्या फेरीत २ मीटरांचं अंतर राहिलं तर एक टक्का, चालेल. सहा मीटर राहिलं तर कुठेतरी गडबड आहे.

आत जीपीएस चालत नाही. गुहेच्या तोंडाशी, आभाळ मोकळं दिसेल तिथे यंत्र पंधरा-वीस मिनिटं ठेवून सरासरी घ्या आणि तिथून पहिल्या स्टेशनपर्यंत मोजत या. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं. खऱ्या उत्तरेशी त्याचा त्या वर्षीचा फरक बघून दिशा दुरुस्त केली नाहीत, तर गुहा जमिनीवरच्या नकाशावर तिरकी बसेल आणि 'वर काय आहे' या प्रश्नाचं उत्तर चुकेल. आकडेमोडीला सर्वेक्स, रेखाटनाला थेरियन आणि फोनवर मोजणी नोंदवायला टोपोड्रॉइड, हे तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत.

नकाशावर घरं भरणं

सांगाडा तयार झाला की त्यावर दुसरा थर. प्रत्येक स्टेशनला चार गोष्टी: उजेड किती, हवेचा झोत आहे का, ओल किती, आणि खायला काय. शेवटच्या गोष्टीवर बाकीचं सगळं अवलंबून असतं. सूर्यप्रकाश नाही म्हणजे हिरवी वनस्पती नाही. आत जे येतं ते पाण्याबरोबर, वाऱ्याबरोबर, मुळांतून किंवा वटवाघळांच्या पोटातून. याला थोडेच अपवाद आहेत. १९८६ मध्ये रुमानियात उघडकीला आलेल्या मोव्हिले गुहेत जिवाणू गंधकाच्या संयुगांपासून अन्न बनवतात आणि सगळी साखळी त्यांच्यावर चालते. तुमच्या गुहेत मात्र बहुधा सडकी पानं, विष्ठा आणि झिरपणारं पाणीच असेल. ते कुठे आहे ते नकाशावर रंगवा.

खोल भागात तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, बाहेरच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, आणि हवा जवळजवळ पूर्ण दमट. खरे ट्रॉग्लोबाइट तिथेच जास्त मिळतात. हवेचा झोत असलेल्या कोरड्या बोळात तासभर घालवण्यापेक्षा आडोशाच्या ओल्या कोपऱ्यात दहा मिनिटं बसा.

आता जीव शोधा

हेडलॅम्प डोक्यावरून काढून हातात घ्या आणि झोत भिंतीला समांतर, तिरपा धरा. समोरून उजेड पडला की पांढऱ्या चुनखडीवरचा पांढरा जीव विरघळून जातो. तिरप्या उजेडात त्याची सावली दिसते. आधी सावली हलताना दिसेल, मग तिच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. श्वास रोखा, कारण उच्छ्वासाच्या उबेनेही स्प्रिंगटेल उडी मारून जातो. बारीक रंगाच्या ब्रशचं टोक अल्कोहोलमध्ये बुडवून हलकेच टेकवा, की जीव त्याला चिकटतो. चिमट्याने पकडायला गेलात तर अर्धे पाय चिमट्यातच राहतात.

प्रत्येक स्टेशनला वेळ ठरवून द्या. मी पंधरा मिनिटं, दोन माणसं असा हिशेब ठेवते. वेळ सगळीकडे सारखा असला तरच दोन जागांची तुलना करता येते. माझ्या वहीतली एक नोंद अशी:

"स्टे. १७. उजवी भिंत, जमिनीपासून ४० सेंमी. ओली माती, विष्ठेचा जुना थर. हवा १८.४ अंश, झोत नाही. १५ मि., २ जण. पांढरे स्प्रिंगटेल ६ दिसले, २ घेतले, कुपी १७-अ. छद्मविंचू १, फक्त फोटो. फोटो ११२ ते ११८."

सापळ्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. जमिनीत पुरलेला, मारक द्राव भरलेला पेला गुहेत ठेवू नका. मेलेल्या जिवांच्या वासाने आणखी जीव येत राहतात, आणि विसरलेला पेला वर्षानुवर्षं मारत राहतो. आमिष लावायचंच असेल तर कोरड्या पेल्यात ओला दगड आणि सडकं लाकूड ठेवा, दुसऱ्या दिवशी तपासा, हवं तेवढं घेऊन बाकीचे सोडा. पेला घेऊन बाहेर या. किती ठेवले आणि किती आणले, हे वहीत लिहा.

पाण्यातल्या जिवांसाठी वेगळ्या युक्त्या. छतावरून थेंब पडतात तिथे जाळीचा तळ असलेली बाटली बांधून ठेवली, की वरच्या भेगाळ थरातले कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक कवचधारी) थेंबांबरोबर त्यात गोळा होतात. विहिरीत किंवा बोअरमध्ये वजन लावलेलं बारीक जाळं तळापर्यंत सोडायचं, दोन-चार झटके देऊन गाळ ढवळायचा आणि सावकाश वर ओढायचं. जाळीचं छिद्र ५० ते १५० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). आणि ज्यांच्याकडे गुहाही नाही, विहीरही नाही, त्यांच्यासाठी कारामान-शापुई पद्धत: नदीच्या काठावर, पाण्यापासून हातभर दूर, गोट्यांच्या थरात खड्डा खणायचा. खड्ड्यात आपसूक पाणी झिरपतं. ते मग्ग्याने उपसून जाळीतून गाळलं, की तळाशी राहतात ते नदीखाली राहणारे अँफिपॉड, आयसोपॉड (दोन्ही छोटे कवचधारी) आणि कृमी. फावडं, मग्गा आणि जाळी एवढ्यावर काम भागतं, आणि खड्डा परत बुजवायचा.

किती घ्यायचे आणि कसे ठेवायचे

थोडे. त्याचं कारण एका भुंगेऱ्याच्या आयुष्यातून कळतं. पिरेनीज पर्वतातला स्पीओनोमस लाँगिकॉर्निस एका वेळी एकच मोठं अंडं घालतो. त्यातून निघालेली अळी काहीही खात नाही. मातीची छोटी कोठी करून आत बसते आणि त्यातून थेट प्रौढ होऊन बाहेर येते. ज्याची पुढची पिढी एकेका अंड्यावर चालते, त्याचे वीस नमुने उचलणं म्हणजे त्या दालनातली वस्ती उठवणं. ओळख पटण्यापुरते दोन-चार घ्या, नर-मादी दोन्ही मिळाले तर उत्तम, कारण पुष्कळ जातींची ओळख नराच्या जननेंद्रियावरूनच होते. एकच दिसला तर फोटो काढा, मापाची पट्टी शेजारी ठेवा, आणि पुन्हा येण्याचं ठरवा.

डीएनएसाठी ९५-९६ टक्के अल्कोहोल, शरीररचना बघायची असेल तर ७० ते ७५ टक्के. तीव्र अल्कोहोलमध्ये कवचधारी ठिसूळ होऊन पाय गळतात. शक्य असेल तर दोन वेगळ्या कुप्या. आणि लेबल कुपीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलने. गुहेचं सांकेतिक नाव, स्टेशन, तारीख, कोणत्या जागी (भिंत, विष्ठा, डबकं), कोणी घेतलं. बॉलपेन, जेलपेन, बाहेरचं स्टिकर, काही नको.

ओळखीसाठी त्या गटाचा तज्ज्ञ शोधा: कोळ्यांचा वेगळा, मिलिपीडचा वेगळा, कोपेपॉडचा वेगळा. उत्तराला वर्ष लागलं तरी नवल नाही. 'नवीन जात सापडली' अशी बातमी तोवर कुणालाच देऊ नका. १८३१ मध्ये पोस्तोयना गुहेत दिवे लावणाऱ्या लुका चेच यांना निमुळत्या मानेचा एक विचित्र भुंगेरा सापडला. फर्डिनांड श्मिट यांनी त्याचं वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध केलं आणि लेप्टोडायरस होखेनवार्टी ही विज्ञानाला माहीत झालेली पहिली गुहावासी भुंगेऱ्याची जात ठरली. शोधणारा दिवेवाला होता, हे नवशिक्यांना सांगायला मला आवडतं.

माहिती कोणाला, किती

सगळा नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवायचा मोह होतो. आवरा. स्लोव्हेनियातल्या गुहांमधल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ मध्ये हिटलरचं नाव दिलं गेलं, आणि त्या नावापायी संग्राहक तो चोरून पकडतात. गुहेचं तोंड कुठे आहे हे कळलं की भुंगेरेच कशाला, लवणस्तंभही फोडून नेले जातात. अमेरिकेत तर सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांचा ठावठिकाणा गुप्त ठेवण्याची तरतूद १९८८ च्या कायद्यातच आहे. म्हणून दोन प्रती ठेवा. जमीनमालक, संबंधित खातं आणि संशोधकांसाठी पूर्ण. जाहीर नोंदीत जागा दहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत ढोबळ केलेली.

वाचवायचं ते बहुतेक वेळा जमिनीवर

आता तुमचा नकाशा जमिनीवरच्या नकाशावर ठेवा. स्टेशन १७ च्या बरोबर वर काय आहे? रस्ता, शोषखड्डा, शेत, झाड? हवाईच्या लाव्हा नळ्यांमध्ये फ्रान्सिस हॉवर्थ यांना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आंधळे जीव सापडले, तेव्हा त्यांतले बरेच छतातून लोंबणाऱ्या झाडांच्या मुळांवर जगत होते. वरचं जंगल तोडलं की खालचं अन्न संपतं, आणि नळीत पाऊलही न टाकता नळी मरते.

पाण्याचं तर आणखी अवघड. चुनखडीत पाणी जमिनीचा उतार बघून चालत नाही. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदी जिथे जमिनीत गुडूप होते तिथे दहा किलो फ्लोरेसिन रंग ओतला गेला. सुमारे साठ तासांनी बारा किलोमीटर दूरच्या आख झऱ्याचं पाणी हिरवंगार झालं. तो झरा ऱ्हाईनच्या खोऱ्यातला, म्हणजे नदी डोंगराखालून दुसऱ्याच खोऱ्यात जात होती. तुमच्या गुहेतलं पाणी कुठून येतं हे ठाऊक नसेल, तर 'गुहेभोवती कुंपण घाला' हा सल्ला पोकळ आहे. रंग ओतायची परीक्षा मात्र जलशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली आणि परवानगीनेच.

वरचं सुधारलं तर खालचंही सुधारतं. केंटकीतली हिडन रिव्हर केव्ह १९४३ मध्ये पर्यटकांसाठी बंद झाली, कारण वरच्या वस्तीचं आणि उद्योगांचं सांडपाणी आत उतरून दुर्गंधी असह्य झाली होती. १९८९ मध्ये नवी सांडपाणी यंत्रणा उभी राहिली. पुढे आंधळे मासे आणि क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे कवचधारी) परत दिसू लागले, आणि १९९३ मध्ये गुहा पुन्हा खुली झाली. मुख्य उपाय झाला तो वर, जमिनीवर.

आतले उपाय जपून. पर्यटकांच्या गुहेत सतत जळणाऱ्या दिव्यांभोवती शेवाळ धरतं. दिवे कमी करा आणि माणूस नसताना बंद ठेवा. चालायची वाट एकच आखा, आणि स्टेशनांच्या नोंदींवरून जिथे वस्ती दाट आहे तो कोपरा वाटेबाहेर ठेवा. दार बसवणं हा सगळ्यांत शेवटचा उपाय. अलाबामातल्या शेल्टा गुहेला १९६८ मध्ये चोर-हौशांपासून वाचवण्यासाठी दार बसवलं, पण त्यातून वटवाघळांना नीट ये-जा करता येईना. ती निघून गेली, विष्ठा पडायची थांबली, वर शहर वाढून भूजलही बिघडलं, आणि पाण्यातल्या क्रेफिशची संख्या घसरली. आता वटवाघळांसाठीच्या दारात आडव्या गजांमध्ये साधारण १४-१५ सेंटिमीटर फट ठेवतात, पण तुमच्या गुहेतली जात कोणती यावर ते बदलतं. दार बसवण्याआधी आणि नंतर त्याच स्टेशनांवर मोजणी हवी, नाहीतर दाराने भलं केलं की वाटोळं, ते कळणारच नाही.

पुन्हा जायचं

एका फेरीत गुहा कळत नाही. ओल्या आणि कोरड्या दोन्ही हंगामांत, त्याच स्टेशनांवर, तेवढीच मिनिटं, असं निदान दोन-तीन वर्षं करा. दर भेटीत नवीन काही सापडत राहिलं, तर यादी अपुरी आहे.

आणि ज्या स्टेशनवर काही मिळालं नाही, तिथे शून्य लिहा. रिकामी जागा सोडू नका. रिकाम्या जागेवरून कळत नाही की तुम्ही शोधलंच नाही, की शोधूनही मिळालं नाही. "स्टे. ९, १५ मि., २ जण, ०." शेल्टातला सगळ्यांत छोटा क्रेफिश १९८८ नंतर कुणाला दिसला नव्हता. लोकांनी तो संपला असं धरलं होतं. २०१९ मध्ये, एकतीस वर्षांनी, त्याच गुहेच्या पाण्यात एक मादी सापडली, आणि पुढच्या वर्षी एक नर.